ओढ्याकाठी हिंडणाऱ्या आसरा

माझा स्वभाव असा आहे की शेजाऱ्याची कोंबडी आजारी पडली तरी मला वाटतं, काल आपणच तिला हुसकावलं, त्याचंच हे झालं. पन्नाशी जवळ आली, केस पिकले, पण स्वभाव काही पिकून गळाला नाही. अशा माणसाला गावानं ओढ्याकाठच्या बांधकामावर देखरेख करायला नेमलं होतं. यात गावाची चूक किती आणि माझी किती, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

आमच्या आणि आकुर्डीच्या मधल्या माळावर तेव्हा एक कंपनी येऊ घातली होती. पिंपरीला फाळणीनंतर आलेल्या लोकांची वसाहत बसून काही वर्षं झाली होती, आणि आमची पोरं शेणाच्या पाट्या टाकून कारखान्यात जायची स्वप्नं बघू लागली होती. या नव्या कंपनीला कामगारांसाठी चाळी बांधायच्या होत्या, त्या आमच्या ओढ्याच्या पलीकडे. तिकडे जायला रस्ता हवा, आणि रस्त्याखालून ओढा जायला मोरी हवी. ग्रामपंचायतीनं परवानगी दिली, पण अट घातली की ओढ्याजवळचं सगळं काम गावाच्या देखरेखीखाली व्हावं. सरपंच, म्हणजे आमचे आबा, तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यांचं म्हणणं साधं होतं.

"समोरचा पैलवान कितीबी सभ्य असंना, त्याचा हात कुठं चाललाय त्यावर डोळा ठिवायचा."

डोळा ठेवायला मी, कारण पंचांमध्ये सातवी पास मीच होतो आणि नकाशा वाचता येतो असा माझा लौकिक होता. खरं सांगायचं तर मला नकाशा वाचता येत नव्हता, धरता येत होता. मी तो दोन्ही हातांनी छातीपुढे धरायचो, ओढ्याकडे बघायचो, मग नकाशाकडे बघायचो आणि "हूं" म्हणायचो. त्या "हूं"ला मजूर बिचकून असत. मुकादम नसे.

मुकादम बार्शीकडचा. कंत्राटदार पुण्यात राहायचा, त्याला आम्ही कधी पाहिलंच नाही. इथे सगळा कारभार मुकादमाचा. बुटका, हसरा, डोक्याला कायम ओला पंचा. मी "हूं" म्हटलं की तो म्हणायचा, "पंच, नकाशा सरळ धरा की. ओढा डोंगराकडं वाहायला लागला नव्हं का!"

आता ओढ्याचं सांगतो. तो काही गंगा नव्हे. उन्हाळ्यात उडी मारून ओलांडावा एवढाच. पण गावाच्या खाली त्याच्या पलीकडच्या अंगाला एक चिबड होतं, म्हणजे पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जाईल अशी ओली, पसरट जमीन. लव्हाळा, पाणकणसं, बगळे, खेकडे, आणि खेकडे धरणारी पोरं. तिथं पीक येत नाही म्हणून ती जागा कुणाला नको होती. पण पूर आला की ओढा त्या चिबडात जाऊन पसरायचा, दमलेला पाहुणा ओसरीवर हातपाय पसरतो तसा, आणि दुसऱ्या दिवशी निमूट निघून जायचा. कंपनीच्या चाळी नेमक्या त्या चिबडावर मुरूम टाकून उभ्या राहणार होत्या. मोरीला सिमेंटचे दोनच नळ होते, तेही शेळी वाकून जाईल एवढे.

म्हणजे पाहुण्याची ओसरी काढून घ्यायची आणि दारही अरुंद करायचं. मग पाहुणा जाणार कुठे? तर ओढ्याच्या अलीकडे, मोरीच्या वरच्या बाजूला, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात.

आक्काचे यजमान रेल्वेत गँगमन होते. ते तापानं गेले तेव्हा ती माहेरी आली. मी वरच्या आळीत, माझ्या घराला लागून जागा देत होतो. तिनं हट्टानं ओढ्याकाठची घेतली. "माझ्या म्हशीला पाणी लागतं आन मला तुझ्या बायकोपास्नं लांब ऱ्हायला लागतं," असं तिनं माझ्या बायकोच्या देखत सांगितलं होतं. जागा तिनं निवडली, तरी अपराधी मला वाटे. घर पांढऱ्या मातीचं. अशा भिंतींना वरून पाऊस चालतो, पण खालून पाणी टेकलं आणि रात्रभर राहिलं की सकाळी भिंत बसलेली असते. त्या घराशिवाय आणि म्हशीशिवाय आक्काजवळ दुसरं काही नव्हतं. म्हशीचं दूध ती वसाहतीत घालायची.

मोरीचे दोन नळ पाहिले त्या दिवशी ती कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"काय रं शहाण्या, देखरेख म्हंजे काय असतंय?"

"म्हणजे... काम नकाशाप्रमाणे होतंय का ते बघायचं."

"आन नकाशाच चुकला आसला तर?"

हा प्रश्न मला पंचायतीत कुणी विचारला नव्हता.

मी बांधकाम खात्याच्या ओव्हरसियर साहेबांकडे गेलो. ते पुण्याहून सायकलीवर यायचे, अधूनमधून, तरुण होते, चष्मा लावायचे, आणि माणूस भला होता. त्यांनी ओढा पाहिला, चिबड पाहिलं, आक्काचं घर पाहिलं, मान हलवली.

"तुमचं बरोबर आहे हो. पण आखणी वरून मंजूर होऊन आलीय. पाणी येतं एवढ्या कारणावर ती हलायची नाही." मग सायकलीवर टांग टाकताना हसून म्हणाले, "तिथं एखादं देऊळबिऊळ असतं ना, तर हललीही असती. पाण्याला आमचे वरचे साहेब मानत नाहीत. देवाला मानतात."

ते सायकलीवर बसून निघून गेले. आक्का तिथेच उभी होती, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून. तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, ज्याला मी लहानपणापासून भितो. त्या चेहऱ्यानंतर आम्ही नेहमी कुणाच्या तरी पेरूच्या झाडावर असायचो.

बाजाराच्या दिवशी काम बंद असे आणि निम्मं गाव बाजाराला जाई. त्या दुपारी, लख्ख उन्हात, आक्का आणि मी ओढ्यातले सात गोटे घमेल्यात घालून चिबडाच्या पलीकडच्या कडेला नेले. आमच्या भागात पाण्याजवळ साती आसरांचं ठाणं असतं. सात बहिणी, पाण्याच्या देवी. सात दगड ओळीनं मांडायचे, शेंदूर लावायचा, झालं. पण आसरा म्हणजे चेष्टा नव्हे. त्यांच्या जागी कुणी फावडं मारत नाही, कुणी थुंकत नाही, आणि भर दुपारी एकट्यानं जात नाही.

आम्ही भर दुपारीच गेलो होतो. मी प्रत्येक दगड ठेवताना त्याची माफी मागत होतो.

"काय पुटपुटतोस?" आक्का तेलात शेंदूर कालवत म्हणाली.

"आक्का, हे पाप आहे. देवी नाहीत त्या, गोटे आहेत."

"गावात कुठल्या देवी आभाळातनं पडल्यात? समद्या ओढ्यातनंच आल्यात. तू त्यो तिसरा सरळ कर."

मी सरळ केला.

दुसऱ्या दिवशी मजूर त्या सात दगडांपाशी येऊन थांबले. दुष्काळी भागातून आलेली साधी माणसं. एका बाईनं डोक्यावरची पाटी तिथंच उतरवली आणि हात जोडले. मुकादमानं पंचा डोक्यावरून काढला, झटकला, पुन्हा ठेवला.

"पंच, ह्या परवा नव्हत्या हितं."

खोटं बोलायचं तर मला येत नाही आणि खरं बोलायचा धीर नव्हता, म्हणून मी नकाशा छातीपुढे धरला आणि "हूं" म्हणालो. आयुष्यात तो "हूं" एकदाच खरा कामाला आला.

मुरूम त्या ओळीपाशी थांबला. आक्का खूश. मला मात्र झोप येईना, जेवण जाईना. देवांच्या नावानं फसवणूक केली हे डोक्यातून जाईना. मग मी प्रायश्चित्त म्हणून रोज सकाळी आंघोळ करून त्या दगडांना हळदकुंकू वाहायला जाऊ लागलो. मंगळवार धरला. नारळ फोडले. आता, पंच रोज पहाटे ओलेत्यानं येऊन आसरांपुढे डोळ्यांत पाणी आणून उभा राहतो हे मजुरांनी पाहिलं, गवळ्यांनी पाहिलं, आणि पाणी भरायला येणाऱ्या बायकांनी पाहिलं. चार दिवसांत गावभर झालं की नव्या आसरा फार कडक आहेत. बायका हिरव्या बांगड्या आणि दहीभाताचा नैवेद्य घेऊन येऊ लागल्या. माझ्या प्रायश्चित्तानं पाप वाढतच चाललं होतं.

आणि मग एका सकाळी मी गेलो, तर आसरा जागेवर नव्हत्या.

त्या ओढ्याच्या दिशेला चांगल्याच सरकल्या होत्या. चिबडाच्या पार मधोमध, ओळीनं, नीट. त्यांच्यापुढे ताजा नारळ, आणि शेजारी आठवा एक दगड, जाडसर, शेंदूर थापलेला. त्यांच्यामागे मुरमाच्या नव्या पाट्या पडायला सुरुवातही झाली होती.

मुकादम हात जोडून उभा. "काय सांगू पंच, चमत्कार झाला बगा. पाण्याच्या देवी, पाण्याकडं गेल्या. आन संगट भाऊबी आला. म्हसोबा."

मी आक्काला सांगितलं तेव्हा तिनं भांडं आदळलं.

"माझ्या देवींना हात लावला?"

"आक्का, त्या तुझ्या आहेत हे म्हणता येत नाही आपल्याला."

तिचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मला आठवतं तसं, ही एकदाच घडलेली गोष्ट आहे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही त्यांना परत नेलं. म्हसोबाला तिथंच सोडायचं मी म्हटलं, पण आक्काचं मन धजेना. "बहिणींपास्नं भाऊ कसा तोडायचा?" म्हणून तो जड धोंडाही मी उचलून आणला. तिनं या वेळी शेणानं सारवून लहानसा ओटा केला, म्हणजे देवी घट्ट बसतील. दोन दिवसांनी ओटा जागेवर आणि देवी पुन्हा खाली. आम्ही वर आणल्या. त्यांनी खाली नेल्या. दर वेळी जो नेई तो आधीच्यापेक्षा जास्त थाटानं बसवी: त्यांनी झेंडा लावला, आम्ही तुळस लावली. समोरासमोर भेटलं की मुकादम आणि आक्का एकमेकांशी फार गोड बोलत.

"काय आक्का, देवी बऱ्या हायेत नव्हं?"

"बऱ्या हायेत की. जरा पाय दुखत्यात म्हनं त्यांचे."

हाल झाले ते गावातल्या बायकांचे. ओटी भरायला ताट घेऊन यावं तर देवी कालच्या जागी नसत. मग बायका काठावर उभ्या राहून एकमेकींना हाका मारीत, "अगं, आज कुठशिक हायत?" आणि पलीकडून उत्तर येई, "खाली ग खाली, पानकणसाजवळ!" शेवटी त्या सगळ्या मिळून आबांच्या दारात गेल्या. आबा अंगणात तंबाखू मळत बसले होते.

"आबा, एक काय ती जागा ठरवा. लव्हाळ्यातनं ताट घिऊन किती हिंडायचं? परवा मामीचा पाय रुतला, नैवेद्य खेकड्यांनी खाल्ला."

आबांनी चावडीपुढे सगळ्यांना बोलावलं. गाव आलं, मजूर आले, मुकादम आला, आणि योगायोगानं त्या दिवशी ओव्हरसियर साहेबही आले होते, तेही सायकल भिंतीला टेकवून उभे राहिले. आक्का बायकांत पुढे बसली, पदर नीट करून, जणू तिचा या कशाशी संबंध नाही.

माझ्यानं राहवलं नाही. मी उभा राहिलो.

"आबा, मला एक कबूल करायचंय. ते दगड..."

"खाली बस."

"पण आबा, ते दगड मी स्वतः..."

"अरं बस की! समद्या गावाला ठावं हाय." आबांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. "म्हैनाभर तुझ्या धोतराला शेंदूर लागलेला हाय. मुकादमाच्या पंचालाबी हाय. आमी काय आंधळे?"

मुकादमानं पंचा डोक्यावरून काढून पाठीमागे धरला. लोक हसायला लागले. मी हबकून बसलो. इतके दिवस उराशी धरलेलं पाप सगळ्यांच्या चर्चेत होतं आणि मला कुणी साधं सांगितलंही नव्हतं. थोडा रागच आला मला.

"आता ऐका," आबा म्हणाले. "कुणी का मांडल्या असंनात, बायांनी पुजल्या म्हंजे झाल्या देवी. त्या आता कुठं बसवायच्या एवढंच बघायचं. आसरा पाण्याच्या. पाणी जिथवर येतं तिथवर त्यांची हद्द. मोठा पूर ज्यांनी ज्यांनी बघितलाय, त्यांनी चला ओढ्यावर. ज्यानं जिथं पाणी बघितलं, तिथं जाऊन उभं ऱ्हायचं. दोनी अंगांना."

साहेबांनी चष्मा पुसला. त्यांना हे आवडलेलं दिसलं.

मग जे झालं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. अख्खं गाव ओढ्याच्या दोन्ही काठांवर पसरलं आणि आठवणीतल्या पाण्याच्या कडेला उभं राहू लागलं. एक आजोबा थेट टेकाडावरच्या देवळापाशी जाऊन उभे राहिले.

"आजोबा, पानी तिथवर आलतं?"

"न्हाई, मी तिथवर पळालतो."

"मग पानी कुठं व्हतं त्ये दावा!"

एका काकूंनी त्यांचं कोंबड्यांचं खुराडं जिथं जाऊन अडकलं ती बाभूळ धरली. दुसरा एक जण कांद्याची पोती भिजली तिथं उभा राहिला, आणि त्याच्या भावानं पोती भिजली नव्हती, चोरीला गेली होती, असं सांगून भांडण काढलं. पण हळूहळू रेघ दिसायला लागली. पलीकडे ती चिबडाच्या पार बाहेरून, आमच्या पहिल्या जागेच्याही थोडी वरून जात होती. मुकादमाचा चेहरा उतरला. चाळींची जागा चांगलीच मागे जाणार होती.

अलीकडच्या अंगाला रेघ सरळ येत होती आणि आक्काच्या घराजवळ अडत होती.

आता इथं एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. आक्काच्या घरापुढे, ओढ्याच्या बाजूला, म्हशीचा गोठा होता. तो तिनं आदल्या उन्हाळ्यात बांधला होता, ओल्या जमिनीवर मुरमाचा भराव घालून. मुरूम मीच गाडीनं आणून दिला होता. त्या वेळी ओढ्याकाठी भराव घालणं वाईट असतं हे आम्हांला सुचलं नव्हतं, कारण भराव आमचा होता.

मोठ्या पुराच्या वेळी मी लहान होतो. आक्का परकर नेसायची. आम्ही दोघं हात धरून पाणी बघायला गेलो होतो आणि तिथं आमच्या पायाशी एक मेलेला साप आला होता, म्हणून जागा माझ्या पक्की लक्षात होती. मी चालत चालत त्या जागी गेलो आणि उभा राहिलो. ती गोठ्याच्या मागे होती. घराच्या पायरीच्या दोन हात खाली.

आक्का गोठ्याच्या पुढे, पार लव्हाळ्याजवळ उभी होती.

साहेब एका डोळ्यानं रेघेवरून बघत होते. "इथं रेघ एकदम ओढ्याकडे का वळते, बाई?"

"ओढ्याला माझी दया आली आसंल."

माणसं खदखदून हसली. मुकादम सगळ्यांत मोठ्यानं. आक्कानं वळून माझ्याकडे पाहिलं.

"ए शहाण्या, तू तिकडं काय करतोस?"

मी पायाखाली बोट दाखवलं. "आक्का, आपण दोघं इथंच होतो. साप आला होता बघ."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. पलीकडची रेघ खरी मानायची, तर अलीकडचीही मानायला हवी होती. गोठा राहिला तर मुकादमाचा भरावही राहणार. भराव राहिला तर पाणी आक्काच्या भिंतींना टेकणार. गोठा गेला तर घर राहील. तिनं हे माझ्याआधी केव्हाच जाणलं असणार. तिनं गोठ्याकडे पाहिलं. आत म्हैस रवंथ करत होती.

"आक्का," मुकादम म्हणाला, या वेळी हसू न आणता, "तुमी एक पाऊल मागं घ्या, मी दोन घेतो."

ती एक पाऊल मागे आली. मग आणखी एक. तिची पाठ गोठ्याच्या भिंतीला लागली. क्षणभर ती तिथंच टेकून राहिली. मग गोठ्याला वळसा घालून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि कुणाला दिसणार नाही असा माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"बघताय काय सायेब? मारा की खुंटी."

साहेबांनी दोन्ही काठांवर खुंट्या मारून घेतल्या. पुढे काही दिवसांनी ते आले तेव्हा त्यांच्या नव्या आखणीला मंजुरी आलेली होती. चाळी माळाकडे सरकल्या आणि नळांच्या जागी दगडी, तीन गाळ्यांची मोरी आली. मी फार गहिवरून म्हणालो, "साहेब, वरच्यांनी शेवटी पुराची खूण मानली."

"छे हो," साहेब म्हणाले. "पुराचं मीही लिहिलं होतं, पण खाली. वरती लिहिलं, सात देवींचं जागृत स्थान, ग्रामस्थांच्या भावना तीव्र. लगेच सही झाली."

मी देवींच्या नावावर केलेलं पाप आता सरकारी सहीनं पक्कं झालं होतं. मी आबांना म्हणालो, मला रुखरुख लागलीय. आबा म्हणाले, "मग गोठा तू पाड. बरं वाटंल."

गोठा मी पाडला. आक्का पायरीवर बसून देखरेख करत होती. वासे मोडायचे नाहीत, खिळे वेगळे ठेवायचे, मुरूम शेवटच्या पाटीपर्यंत उचलायचा. मुकादमानं आपणहून दोन माणसं मदतीला दिली आणि स्वतःही आला. "काय पंच, कशी काय वाटतीया देखरेख?" तो दर पाटीला विचारायचा. म्हैस माझ्या घरी आली, माझ्या पडवीत बांधली, आणि माझ्या बायकोनं माझ्याशी बोलणं सोडलं. आसरा मात्र नव्या रेघेवर, मोरीच्या जवळ, म्हसोबासकट बसल्या.

त्या श्रावणात ओढा आला.

आदल्या रात्रीपासून वर मारुंजीच्या अंगाला धो धो कोसळत होतं. सकाळी उजाडता उजाडता मी धावत खाली गेलो. पाणी तांबडं, लव्हाळा पार बुडालेला, झाडांचे ओंडके मोरीच्या गाळ्यांतून धाडधाड निघून जात होते. चिबड दिसतच नव्हतं. ओढा तिथं जाऊन हातपाय पसरून बसला होता. अलीकडे पाणी गोठ्याच्या जागेवरून पसरून पायरीच्या दिशेला चढत होतं. मुकादम आणि त्याचे मजूर माझ्याआधी येऊन उभे होते. आक्का उंबऱ्यावर बसली होती, डोळे भिंतीच्या बुडाशी. मी तिच्या शेजारी बसलो. तिचे हात गुडघ्यावर घट्ट गुंफलेले होते.

पाणी पायरीच्या हातभर खाली आलं. तिथं लाटेनं काडीकचरा आणून ठेवला, परत नेला, परत आणला. आम्ही बघत राहिलो. मग बऱ्याच वेळानं मुकादम खाली वाकला आणि एका काडीकडे बोट दाखवलं. ती ओल्या मातीवर अडकून राहिली होती आणि पाणी तिच्याखाली गेलं होतं.

"उतरायला लागलं," तो म्हणाला.

तेवढ्यात वरच्या आळीतून माझ्या बायकोचा आरडाओरडा ऐकू आला. पाठोपाठ आक्काची म्हैस दावं तोडून धावत आली, माणसांमधून वाट काढत सरळ पाण्यात उतरली, आणि जिथं तिचा गोठा होता बरोबर तिथं जाऊन पोटाएवढ्या पाण्यात उभी राहिली. मजुरांनी हाका मारल्या. मुकादमानं पंचा फडकवला. मी कमरेएवढ्या पाण्यात शिरून तिचं तुटकं दावं ओढलं. ती जागची हलेना. कान हलवत, डोळे अर्धे मिटून, समाधानानं उभी.

"आक्का, तू तरी बोलाव तिला!"

आक्कानं हाताची गुंफण सोडली. तिनं मागे वळून भिंतीला तळवा लावून पाहिला, वर, मग खाली, मग अगदी जमिनीलगत. कोरडी होती. ती मोठ्यानं हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"ऱ्हाऊ दे तिला," ती म्हणाली. "तू ये बाहेर आन च्याला आधण ठिव. एवढी मानसं दारात आलीत."